वॉर्ड तीनचा तांबडा साबण

जो माणूस साबणाची बाटली दाबतो आणि हात धुण्याऐवजी तळहात नाकाशी नेऊन डोळे मिटतो, त्याच्याविषयी चांगलं मत बनवणं कोणत्याही परिचारिकेला कठीण जावं. कल्पिता वैतीला तर ते अशक्यच होतं. ती बाटली तिची होती, साबण तिचा होता, आणि जोगेश्वरीच्या त्या रुग्णालयात वॉर्ड तीनच्या दारातल्या बेसिनपाशी हातात नोंदवही घेऊन गेले तीन महिने पहारा देणारी तीच होती.

"साबण हुंगायला आलात का?"

तो दचकला. उंच, किडकिडीत, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. "नाही... म्हणजे, हो. याला वासच नाही."

"सर्दी झालीय तुम्हाला."

"छे हो, मला कधी—" आणि तो सणसणीत शिंकला.

"कोपरात!" ती ओरडली. दुसरी शिंक त्याने निमूट कोपरात दिली. "आता हात धुवा. चाळीस सेकंद. मी मोजतेय."

त्याने धुतले. तळहात, बोटांच्या बेचक्या, आणि शेवटी दोन्ही अंगठे, सावकाश फिरवून. मनगटावरून थेंब ओघळत होते. अंगठे बहुतेक डॉक्टर विसरतात. हा विसरला नाही. कल्पिताने ही गोष्ट नोंदवहीत लिहिली नाही, तरी ती पुसलीही गेली नाही.

"कोणाला भेटायचंय?"

"कल्पिता वैतींना. मी सुयोग घाडीगावकर, पार्ल्याहून आलोय. त्यांच्या प्रयोगाचा पुरावा तपासायचाय."

"त्या मीच." तिने नोंदवही छातीशी धरली. "तपासा. पण हुंगू नका."

त्या प्रयोगामागे एक मरण होतं. खारदांड्याच्या तिच्या वडिलांना पाच वर्षांपूर्वी शिंगाळा माशाचा काटा पायात गेला होता. जखम भरत आली, आणि ज्या रुग्णालयात ती भरत आली तिथेच कोणाच्या तरी न धुतलेल्या हातांनी त्यांना दुसरा संसर्ग दिला. ते नवव्या दिवशी गेले. दाखल्यावर कारण लिहिलं होतं, हात कोणाचे ते लिहिलं नव्हतं. असे दाखले फार सुसंस्कृत भाषेत लिहिलेले असतात. कल्पिताने त्यानंतर संसर्ग रोखण्याचं प्रशिक्षण घेतलं, या रुग्णालयात आली आणि वर्षभर भांडून वॉर्ड तीनमध्ये साध्या पांढऱ्या साबणाऐवजी जंतुनाशक तांबडा साबण आणवला. आधीच्या तीन महिन्यांत त्या वॉर्डात चौदा रुग्णांना संसर्ग झाला होता. साबण आल्यावरच्या तीन महिन्यांत सहा. आता समिती बसणार होती, आणि साऱ्या रुग्णालयाचा साबण बदलणार होता.

समितीचे अध्यक्ष डॉ. शरच्चंद्र यांना या साबणाचं एकाएकी प्रेम उत्पन्न झालं होतं, आणि त्याला कारण होतं. साबण विकत घेता येतो. माणसाला दिवसातून चाळीस वेळा हात धुवायला लावणं विकत घेता येत नाही. म्हणून समित्या साबणावर बसतात. साबण आला की बेसिनपाशी पहारा देणारी परिचारिका दुसऱ्या कामाला मोकळी होणार, हे त्यांनी टिपणात आधीच लिहून ठेवलं होतं. बाहेरच्या एखाद्या तज्ज्ञाची सही तेवढी हवी होती. सुयोगला त्यासाठी बोलावलं होतं.

तो रोज येऊ लागला. पहिल्या दिवशी त्याने सगळे कागद मागितले. दुसऱ्या दिवशी कागदांवर प्रश्न काढले. तिसऱ्या दिवशी ती त्याला म्हणाली, "तुमच्या घरी भाजीवाल्याला पण पुरावा मागतात का?"

"भाजीवाल्याला नाही. मासेवालीला."

"काय सांगता! मालवणी माणसाला मासे कळतात म्हणे?"

"खायचे कळतात. निवडायचे आईला कळतात. मी एकदा पापलेट आणलं होतं... तिने ते मांजरालाही दिलं नाही."

कल्पिता हसली. "माझी आई दांड्याच्या बाजारात बसते. पिशवीत नाक न घालता सांगेल, आजचं की कालचं. माझंही नाक तिच्यावरच गेलंय."

"मग या साबणाला—"

"पुन्हा साबण? सर्दी गेली का आधी?"

चौथ्या दिवशी ती कार्यालयात शिरली तेव्हा तो एक कागद भरत होता. तिला पाहताच त्याने त्यावर हात ठेवला.

"काय लपवताय?"

"फॉर्म आहे. पुरावा तपासणाऱ्याने भरून द्यायचा असतो." त्याचे कान लाल झाले होते. "कोणी वाचत नाही."

"बाकी, तुम्ही-तुम्ही करून तोंड दुखलं यार," ती म्हणाली. "वयाने सारखेच असू आपण."

"मग... तू?"

"हां. आता कसं!"

एवढंच. पण त्या दुपारी तो नोंदवहीतले आकडे उतरवून घेताना दोनदा चुकला, आणि बेसिनपाशी उभ्या असलेल्या कल्पिताने कारण नसताना स्वतःचे हात तीनदा धुतले.

दुसऱ्या आठवड्यात, सोमवारी, तो दारात आला, हसला नाही.

"कल्पिता, रिकामे कॅन दाखवशील? साबणाचे. तीस आले होते."

"रिकामे कॅन घेऊन काय करणार तू?"

"साबण वापरला याचा पुरावा रिकामा कॅनच देतो ना."

"बाटल्या भरलेल्या दिसत नाहीत तुला? रंग दिसत नाही?" ती तरातरा निघाली. "चल. डोळ्यांनी बघ."

बाटल्या भरण्याचं काम पार्वतीमावशींकडे होतं. वीस वर्षं त्या वॉर्डात आया होत्या. सगळं सामान त्यांच्या चादरींच्या खोलीत असे. कल्पिताने खोली उघडली, कोपऱ्यातल्या ढिगावरची चादर ओढली... आणि चादर तिच्या हातातच राहिली.

सत्तावीस कॅन. एकावर एक, नीट रचलेले. सत्तावीसही सीलबंद.

तिने एकाचं सील तोडलं. आत नाक नेण्याची गरजच पडली नाही. कडवट, झोंबरा, टाळूला लागणारा वास अख्ख्या खोलीत पसरला. तीन महिन्यांत वॉर्ड तीनमध्ये हा वास तिला एकदाही आला नव्हता! जिच्या घरात कालचं पापलेट आजचं म्हणून खपत नाही, त्या मुलीने तीन महिने रंग पाहिला होता. वास घेतलाच नव्हता. ज्याला ज्याची ओढ असते, त्याची परीक्षा तो आधी सोडून देतो. विद्वानांचंही याहून निराळं होत नाही, त्यांच्या चुकीचा फक्त ग्रंथ होतो.

पार्वतीमावशी दारात येऊन थिजल्या. त्यांनी कल्पिताकडे पाहिलंच नाही. सुयोग आपल्या मुलखातला, म्हणून त्याच्यापुढे हात पसरले. बोटांच्या पेरांवर भेगा. काही भरलेल्या, काही नाही.

"बाबा, तुका खोटा कशाक सांगू? त्या तांबड्या साबणान पयल्या आठवड्यात आमच्या हातांची सालटा गेली. रगात येय. म्हणान जुनोच साबण भरलंय. रंग येवचो म्हणान नव्यातलो चमचोभर."

"मावशी, मला का नाही सांगितलंत?" कल्पिताचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"तू किती खुशीत हुतंस गो, बाय. कसा सांगू?"

कल्पिता जिन्यापर्यंत आली. ती पायरीवर बसली. सुयोग एक पायरी सोडून खाली बसला.

"पण चौदाचे सहा झाले," ती म्हणाली. "ते तर खरंय ना? मी लिहिलंय एकेक."

"खरंय. आणि त्या सहांतले पाच कधी झाले, बघितलंस?" त्याने कागद उलगडला. "मधल्या महिन्यात तुला डेंगी झाला होता. एकोणीस दिवस तू नव्हतीस. बेसिनपाशी कोणीच नव्हतं. पाचही त्या दिवसांत, नाहीतर लगेच पुढच्या दोन-तीन दिवसांत. आकडे लहान आहेत, मी शपथ घेणार नाही. पण वॉर्ड साबणामुळे सुधारला नाही, कल्पिता. तू बघत होतीस म्हणून लोक हात धूत होते."

एरवी हे वाक्य कोणत्याही मुलीने जपून ठेवलं असतं. तिला ते थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

"आणि तू हे समितीला देणार."

"गुरुवारी. मावशींचं नाव नाही घातलं. कॅन घातलेत."

"लपवावंसं एकदाही नाही वाटलं तुला?"

त्याने कागदाची घडी घातली. "वाटलं," तो म्हणाला. "पहिल्या आठवड्यापासून भीती होती, की वाटेल."

ती उठून गेली. पुढचे दोन दिवस ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. तो आला की मात्र बेसिनपाशी हात धुवायचा, अंगठ्यांसकट. आणि ती मोजायची नाही असं ठरवूनही चाळीसपर्यंत मोजायची.

गुरुवारी समिती बसली. डॉ. शरच्चंद्रांनी सुयोगचा अहवाल टेबलाच्या कडेला सरकवला, जशी कोणी नको असलेली ताटली सरकवतो.

"बारकावे असू शकतात. आकडे उतरले, हे महत्त्वाचं. साबण सगळ्या वॉर्डांत येऊ द्या. बेसिनपाशी उभं राहणं बंद. सिस्टर, अभिनंदन. या कामाची प्रमुख म्हणून तुमचंच नाव आम्ही..."

कल्पिताच्या पुढे सगळं मांडलेलं होतं: साबण, पद, वडिलांच्या नावाने स्वतःशी घेतलेली शपथ. फक्त गप्प बसायचं होतं. आणि मग तांबड्या साबणाच्या भरवशावर साऱ्या वॉर्डांत त्या एकोणीस दिवसांसारखेच दिवस उजाडले असते... कोणाच्या तरी वडिलांना नववा दिवस आला असता.

ती उभी राहिली.

"सर, तो साबण वापरलाच गेला नाही. त्याने मावशींचे हात फुटले, म्हणून बाटल्यांत जुनाच होता. प्रयोग माझा, मी तीन महिने बाटलीचा वास घेतला नाही. चूक माझी आहे, मावशींची नाही. अहवाल खरा आहे."

डॉ. शरच्चंद्रांचा चेहरा तापला. पण चिडलेल्या विद्वत्तेला नेहमी एक वाट असते. निष्कर्ष खोडता आला नाही, की निष्कर्ष काढणाऱ्याला खोडावं. त्यांनी सुयोगची फाइल ओढली.

"हे गृहस्थ किती तटस्थ आहेत, तेही बघू. फॉर्म भरलाय? हां. 'या प्रयोगाशी किंवा प्रयोग करणाऱ्यांशी आपला काही हितसंबंध आहे काय?' उत्तर..." ते थांबले. चष्मा वर केला, खाली केला. "उत्तर: होय."

कल्पिताने गर्रकन वळून पाहिलं. सुयोग टेबलाकडे पाहत होता. कान पेटलेले.

डॉक्टरांनी वाचायला सुरुवात केली होती. आता थांबणं अवघड होतं. "'प्रयोग घेणाऱ्या परिचारिका कल्पिता वैती यांच्याविषयी माझं मन तटस्थ राहिलेलं नाही. त्यांना याची कल्पना नाही. दुसरा तज्ज्ञ नेमता आला तर नेमावा. तो मिळेपर्यंत माझा अहवाल त्यांच्या बाजूने गेल्यास... ग्राह्य धरू नये.'"

मेट्रन शुभाताई तीस वर्षांत समितीत क्वचितच बोलल्या होत्या. त्या खुर्चीत पुढे सरकल्या.

"हा कागद तुमच्याकडे कधी आला, डॉक्टर?"

"तारीख... गेल्या आठवड्यातली दिसतेय."

"म्हणजे तुम्ही आज वाचलात." शुभाताईंनी पदर सावरला. "आणि अहवाल तर तिच्या विरोधात गेलाय. मग तो धरावाच लागेल. नाही का?"

साबणाचा निर्णय पुढे ढकलला गेला. प्रयोग नव्याने व्हायचा होता: बाटल्या औषधभांडारातून सीलबंद येणार, मावशींच्या हातांची तपासणी होणार, आणि बेसिनपाशी तिन्ही पाळ्यांत कोणीतरी उभं राहणार. प्रमुखपद मात्र कल्पिताला मिळालं नाही. ते कोणाला मिळालं हे सांगण्यासारखं नाही. ती व्यक्ती अंगठे धूत नसे.

वॉर्ड तीनच्या दारात सुयोग हात धूत होता. कल्पिता मागे येऊन उभी राहिली.

"चौथ्या दिवशी लिहिलंस तू ते?"

"हो."

"चौथ्या दिवशी मी तुला 'साबणहुंग्या' म्हणत होते. सगळ्या वॉर्डासमोर!"

"तिसऱ्या दिवशीच लिहिणार होतो. शिंका येत होत्या."

तिला हसू आलं, आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही. "सुयोग, खोटं निघालं ते तीन महिने बघूनही मला दिसलं नाही. आता हे खरं कशावरून?"

त्याने नळ बंद केला. ओले हात तसेच धरून तो उभा राहिला, कोणी पुसायला सांगेपर्यंत वाट पाहणाऱ्या मुलासारखा. "माझ्याकडे पुरावा नाही," तो म्हणाला. "दुसरा तज्ज्ञ नेम."

"नेमलाय." तिने खांद्यावरचा रुमाल काढून त्याच्या हातांवर टाकला आणि रुमालासकट ते हात धरले, आधी घट्ट, मग जरा जास्तच घट्ट. "रविवारी दांड्याला ये. आई दोन पापलेटं पुढे ठेवेल, एक आजचं, एक कालचं. बघू काय उचलतोस."

"आणि कालचं उचललं तर?"

"तर शिकवेल. रोज यावं लागेल."

तो काही बोलणार होता. पण चेहरा वाकडा झाला, डोळे मिटले, आणि दोन्ही हात तिच्या हातांत अडकलेले असूनही त्याने मान वळवली, आणि शिंक नेमकी कोपरात दिली.