तीन वेढे कमी

सात जून, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. दुकानाच्या फळीवर दुरुस्तीला आलेल्या वस्तू अकरा होत्या : सात कुलपे, तीन शिवणयंत्रे आणि एक ताणकाटा. बारावी वस्तू जुन्या चादरीत गुंडाळून एक उंच माणूस घेऊन आला आणि दारातच अडखळला.

"सांभाळून. उंबरा जागचा हललेला नाही हं," मिस्त्रीण म्हणाली. वडिलांच्या मागे दुकान तिनेच चालवले होते आणि सारा बाजार तिला मिस्त्रीण म्हणूनच ओळखत होता.

त्याने चादर उलगडली. आत छर्ऱ्याची बंदूक होती. नळी खाली वाकवून आतली स्प्रिंग दाबायची आणि चाप ओढायचा, अशी.

"जुन्या बाजारात घेतली. विकणारा म्हणाला, चालते."

"चालते? पायांनी?" तिने नळी खाली ओढली. आतून खरखर ऐकू आली. "हिची कंबर वाकलीय, घसा सुकलाय आणि अंगभर गंज चढलाय."

"म्हणजे माझ्याच वयाची दिसते."

"तुमची दुरुस्ती इथे होत नाही."

तो मोकळेपणाने हसला. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तो आरेखक होता. जमिनीखालून जाणाऱ्या नळांचे नकाशे काढायचा. डिसेंबरात नेमबाजी मंडळाची वार्षिक स्पर्धा होती आणि त्याला तीत उतरायचे होते.

"यंदाच?" तिने विचारले.

"यंदाच..." एवढेच बोलून त्याने नजर वळवली.

पुढच्या रविवारी तो काम पाहायला आला. दाबलेली स्प्रिंग म्हणजे गिळलेला राग. बेसावधपणे सोडली तर तोंड फोडते. म्हणून तिने बंदूक लांब शिकंज्यात बसवली आणि त्याला शिकंज्याची मूठ धरायला सांगितले. पेच सैल होऊ लागला, तसा त्याचा डावा हात अचानक निसटला. तिने झेप घेऊन मूठ पकडली — त्याच्या बोटांसकट. बोटे थंडगार होती.

"हात झोपतो कधी कधी," तो पुटपुटला.

"जागा व्हायला सांगा त्याला," ती म्हणाली. पण आपला हात तिने जरा उशिराच काढला.

गल्ल्यावर बसलेल्या आत्याच्या नजरेतून काही सुटत नसे. तो गेल्यावर ती म्हणाली, "काय गं, दुरुस्तीला बंदूक आलीय की बंदूकवाला?"

"आत्या, तू सुटे पैसे मोज."

"मोजतेय. तुझ्या चुकाही मोजतेय. मघापासून तू एकच स्क्रू तिसऱ्यांदा पुसतेयस."

गंज उतरला. लाकडी दस्त्याला जवसाचे तेल मुरले. दट्ट्यासाठी तिने चामड्याचा नवा वॉशर कापला, तेलात भिजवला आणि नवी स्प्रिंग चढवली. दुकानामागच्या अंगणात दहा मीटरवर लोखंडी पत्रा टांगून त्याने पहिला नेम धरला. टण्! पत्र्याखालच्या वाळूत पडलेला छर्रा नाण्यासारखा चपटा झाला होता.

तेव्हापासून तो दर रविवारी सरावाला येऊ लागला. ऑगस्टमध्ये एकदा सहज बोलल्यासारखे म्हणाला, "नळी जरा जड जातेय. तेल घालता?"

नळी जड नव्हती. तिने स्वतः ती ओढून पाहिली होती. मंडळाचा नियमही तिला ठाऊक होता : ज्याची बंदूक त्यानेच भरायची, मदत घेतली तर तो नेम बाद. त्या संध्याकाळी नळी हलकी करायला तिने स्प्रिंगचा एक वेढा कापला, टोक तापवून सपाट केले, आणि जोर कमी झाल्याने छर्रा खाली उतरतो हे त्याला कळू नये म्हणून नेमाची पट्टी किंचित उचलली.

"तेल घातलंय," तिने सांगितले.

सप्टेंबरात पुन्हा तेल घातले. ऑक्टोबरात पुन्हा.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी त्याने वाळूतले छर्रे ओंजळीत घेतले आणि तिच्यासमोर धरले. एकही चपटा नव्हता. नुसती नाके चेपली होती.

"किती वेढे?" त्याने विचारले.

"तीन."

"दया आली?"

"नाही. स्वार्थ होता. बंदूक पेलली नसती, तर तुम्ही ती विकून टाकली असती. आणि मग रविवारी..."

तो पत्र्याकडे वळला. "मज्जातंतूंचा आजार आहे. डॉक्टरांनी मे महिन्यातच सांगितलं. यंदा डावा हात, पुढच्या वर्षी उजवा. मग नकाशे नाहीत... मग काहीच नाही. मला फक्त दहा नेम हवे होते, स्वतःच्या हातांनी भरलेले. तुम्ही मात्र यात पडू नका. कुलपं दुरुस्त करा. माझी दुरुस्ती इथे होत नाही, तुम्हीच म्हणालात."

"होणार नाही, हे मला कळतं. दुरुस्त करायला मी तुम्हाला मागत नाहीये."

"मग?"

"असेच हवे आहात. जेवढे आहात तेवढे."

त्याच्या ओंजळीतले छर्रे वाळूत सांडले. मान खाली घालून तो म्हणाला, "वेडी आहेस तू."

तो पहिल्यांदाच तिला 'तू' म्हणाला होता. त्या एका शब्दाने तिला हसू आणि रडू एकदमच आले.

स्पर्धेच्या दिवशी ती दोरीबाहेर, आत्याशेजारी उभी होती. पहिले पाच नेम त्याने सहज भरले. सहाव्याला दात आवळले. आठव्याला नळी मांडीवर टेकवून सारा भार घातला. नवव्यानंतर त्याचा डावा हात दोरीवरच्या ओल्या टॉवेलसारखा लोंबू लागला. दहावा छर्रा हाती घेऊन त्याने नळी ओढली. ती हलली नाही. पुन्हा ओढली... पंचांनी घड्याळाकडे पाहिले.

त्याने मात्र तिच्याकडे पाहिले. असे पाहणे त्याला किती जड गेले, ते तिला तेवढ्या अंतरावरूनही कळले.

"बघत काय बसलीस?" आत्या घोगऱ्या आवाजात म्हणाली. "जा ना!"

ती दोरीखालून आत शिरली.

"हा नेम बाद होईल," तो हळूच म्हणाला.

"होऊ दे."

"नऊच राहतील माझे."

"नऊ तुझे. हा आपला."

त्याच्या थंड बोटांवर तिने आपली बोटे ठेवली. दोघांनी मिळून नळी खाली ओढली. आत स्प्रिंग खटकन अडकली. त्याने छर्रा घातला, डोळे पुसले आणि चाप ओढला. छर्रा सातच्या वर्तुळात लागला.

पंचांनी त्यावर लाल रेघ मारली आणि निकाल वाचला : ग्राह्य नेम नऊ, एकूण गुण अठ्ठ्याहत्तर.