ड्रायव्हरच्या बाजूचं दार

"ताई, वकील एवढ्यात येतील. सही करू की नको, तेवढं सांगा," ऋचा म्हणाली. तिचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता. ती दातांची डॉक्टर. हा हात पूर्वीसारखा वळला नाही, तर इथली, जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्गमधली नवी नोकरी गेलीच म्हणायची.

खाजगी गुप्तहेर ऊर्मिला दामले चहाला हात न लावता ऐकत होती. तिचे यजमान उल्हास दोघांच्या वाटचा पीत होते.

"सायकलने सायकलच्या पट्ट्यावरून चालले होते. उभ्या गाडीचं दार धाडकन उघडलं. तोंडातून मराठीच निघालं, 'अहो, अहो!' आणि आपटले. दार नि एक बाही, एवढंच आठवतंय."

"गाडीवाला काय म्हणतो?"

"म्हणतो, गाडीत मी एकटाच होतो, दार उघडलंच नाही, बाई आपणहून पडली."

"खोटारडा मेला!" ऋचाच्या सासूबाई कडाडल्या. शोभनाताई नुकत्याच पुण्याहून आल्या होत्या. "मी बाल्कनीतून पाहिलं ना! ड्रायव्हरनेच दार उघडलं, उतरला आणि टोपी सावरत पसार झाला. पोलीस म्हणतात, ड्रायव्हर जागचा हललाच नाही. आता घरचेसुद्धा माझ्या चष्म्याचा नंबर विचारतात." त्यांचे डोळे भरून आले.

"ड्रायव्हरचं दार रस्त्याच्या बाजूला, सायकलचा पट्टा फुटपाथकडे," उल्हास हळूच म्हणाले. "काकूंची गल्लत झाली असणार."

ऊर्मिलाने त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. "हा वकील कुठे शोधलास?"

"शोधावंच लागलं नाही! अँब्युलन्स निघून गेल्यावर तिथून जात होते म्हणे. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात कार्ड घेऊन हजर. देवासारखे आले."

बेल वाजली. वकील ब्रेंडल हसतच आत शिरले. "आहोय, फ्राउ डॉक्टर!" मग ऊर्मिलाकडे वळून म्हणाले, "आमच्या खलाशांची हाक. यांच्याही आवडीची!"

त्यांनी कागद पसरला. चूक आपलीच होती, असं ऋचाने मान्य करायचं आणि प्रकरण मिटवायचं. ऋचाने डाव्या हातात पेन घेतलं.

ऊर्मिलाने कागदावर तळहात ठेवला. "काकू, ड्रायव्हर कुठल्या बाजूने उतरला?"

"कुठल्या म्हणजे? ड्रायव्हर बसतो त्याच. उजवीकडून!"

उल्हासांचा कप ओठांपाशीच थांबला.

"पुण्यात ड्रायव्हर उजवीकडे बसतो. इथे डावीकडे," ऊर्मिला म्हणाली. "काकूंनी अगदी बरोबर पाहिलं. फक्त उजवीकडच्या माणसाला सवयीने ड्रायव्हर म्हणाल्या. गाडीत दोघं होते! ऋचा, तू 'अहो' ओरडलीस, हे वकिलांना सांगितलं होतंस?"

"छे! ते पहिल्यापासूनच तसं म्हणतात. मला वाटलं, इकडची पद्धत असेल."

आता ऊर्मिला जर्मनमध्ये बोलू लागली. "ब्रेंडलसाहेब, ती 'अहो' ओरडली ती पडताना. तुम्हाला ते 'आहोय' ऐकू आलं. पण तुम्ही तर आलात अँब्युलन्स गेल्यावर. मग ऐकलंत कुठून? उजव्या सीटवरून?"

ब्रेंडलचं हसू मावळलं. "दार... माझ्या हातून चुकून उघडलं. गाडी मित्राची."

"आणि दुसऱ्या वकिलाने खोलात शिरू नये, म्हणून तुम्हीच तिचे वकील झालात. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं! तुम्ही दोघं पोलिसांना खरं सांगणार, की मी सांगू?"

"सांगतो," तो पुटपुटला आणि कागद गोळा करू लागला.

ऋचाने पेन भिरकावलं आणि सासूबाईंना एका हाताने घट्ट मिठी मारली. उल्हासांना स्वतःची लाज वाटली. "काकू, माफ करा. दृष्टी आमचीच अधू. उद्याच खरा वकील शोधू."

शोभनाताईंनी डोळे पुसले. ब्रेंडल दाराच्या मुठीपर्यंत पोचला होता.

"अहो!"

तो दचकून जागीच थबकला. तेवढा शब्द त्याला चांगला कळत होता.

"दार जपून उघडा," शोभनाताई म्हणाल्या. "पलीकडून कोणीतरी येत असतं."