राखीव गोलकीपर

बॉल आला तो थेट पौर्णिमाच्या तोंडावरच.

जानेवारीतली संध्याकाळ होती. कापूस बाजाराकडे जाणाऱ्या गाड्यांतून उडालेला कापूस वर्ध्याच्या रस्त्याकडेच्या बाभळींना जागोजागी अडकला होता. पौर्णिमा दवाखान्यातून निघून आंजीच्या बसकडे चालली होती. डाव्या हाताची करंगळी शेजारच्या बोटाला पट्टीनं बांधलेली, उजव्या हातात आईनं मागवलेल्या संत्र्यांची पिशवी. आणि मैदानाच्या भिंतीवरून बॉल उडाला. तिनं पिशवी सोडली, एकाच हातानं तो छातीशी ओढून घेतला.

संत्री रस्ताभर घरंगळली.

भिंतीवरून एक तरुण उडी मारून आला. गळ्यात शिट्टी, शर्टाच्या बाह्या वर सारलेल्या. तो आधी तिच्या बांधलेल्या बोटांकडे बघत राहिला, मग बॉलकडे, मग तिच्याकडे…

"एका हातानं पकडला. म्हणजे तुम्ही पौर्णिमा. आंजीच्या. केरळात खेळता, त्या."

"खेळत नाई," ती म्हणाली, "बसते."

तो हसला. खाली बसून संत्री गोळा करता करता म्हणाला, "मी नयन. दिवसा कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतो, संध्याकाळी या पोरींले शिकवतो. उद्या या ना मैदानावर."

"हात मोडलाय माह्या."

"तोंड तर चालते ना? गोलकीपरले तेवढं पुरते."

तिला राग यायला हवा होता. आलं हसू.

बसमध्ये बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की असं मोकळं हसून किती दिवस झाले होते. दोन वर्षं ती केरळातल्या एका फुटबॉल क्लबात राखीव गोलकीपर होती. दोन वर्षांत चार सामने. बाकीच्या पोरींना शेवटची दहा मिनिटं तरी मैदानात उतरवतात. गोलात उभं राहायला एकच बाई लागते. पहिली गोलकीपर स्वभावानं गोड होती, पौर्णिमाला स्वतःच्या डब्यातलं खाऊ घालायची. आणि तरीही उंचावरून बॉल आला, की बाकावर बसलेल्या पौर्णिमाच्या मनात यायचं… सुटू दे तिच्या हातून. एकदाच सुटू दे. मग स्वतःचीच शरम वाटायची. सरावात करंगळी मोडली तेव्हा डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले आणि ती घरी आली. बाबाराव, तिचे वडील, वीज मंडळात लाइनमन होते. लेकीचं बोट बघून ते एवढंच म्हणाले, "जुडते ते. तोंड काऊन पाडलं?"

दुसऱ्या दिवशी ती मैदानावर गेली. तिसऱ्या दिवशीही. नयन पोरींना पळायला लावायचा आणि तिच्याजवळ येऊन उभा राहायचा.

"तुमच्या केरळात मासे फार खातात म्हणे?"

"तुम्हाले काय करायचं?"

"नाई… विचारून राह्यलो. आमच्याकडच्या भरल्या वांग्याची आठवण येते का?"

"वांग्याची येते."

"अन् अजून कोणाची?"

"अजून कोणाची ओळखच नव्हती ना," ती म्हणाली, आणि कान तापले म्हणून रुमाल बांधून घेतला.

पाच दिवस असे गेले. सहाव्या दिवशी मेघा आली.

मेघा कारंजा घाडग्याची. हायवेवर तिच्या वडिलांचा ढाबा होता. कॉलेजच्या परीक्षेमुळे आठवडाभर सरावाला आली नव्हती. एकोणीस वर्षांची, शेवग्याच्या शेंगेसारखी सडसडीत. ती गोलात उभी राहिली आणि पहिलाच बॉल तिनं असा काही वरच्या वर झेलला, की पौर्णिमा बसल्या जागची उठली. इतकं सहज! शिकून येत नाही ते.

"पाह्यलं?" नयन म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "दहा दिवसांनी नागपूरले राज्याच्या संघाची निवड आहे. ही पोरगी जाईन बघा. तुम्ही जरा शिकवा तिले."

त्या दिवसापासून नयनच्या तोंडी मेघाच. मेघाचे पाय, मेघाची उडी, मेघानं आज जेवण केलं का. सराव संपला की तो तिला मोटारसायकलवर बस स्टँडला सोडायला जायचा, आणि पौर्णिमा आंजीच्या बसची वाट बघत त्या गाडीच्या धुळीकडे बघत राहायची. 'शेवटची गाडी चुकू नये म्हणून सोडतो,' ती स्वतःला समजवायची. मग मन विचारायचं… तुला सोडायला का नाही येत?

तिनं मेघाला शिकवलं. उभं कसं राहायचं, ओरडायचं कसं, सगळं. एकच गोष्ट सांगितली नाही. मेघा प्रत्येक उंच बॉल पकडायची. कोरड्या मैदानावर ते शोभून दिसायचं, पण बॉल ओला असेल आणि समोर गर्दी असेल तर त्याला पकडायचं नसतं, मुठीनं ठोसा मारून दूर घालवायचं. पौर्णिमाला ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं. सांगू उद्या, सांगू परवा, करता करता दहा दिवस गेले.

नागपूरला निवडीच्या सामन्याच्या सकाळी आभाळ भरून आलं आणि अवकाळी भुरभुर सुरू झाली. गवत चकाकत होतं. मेघा थंडीनं आणि भीतीनं कापत होती. नयन तिच्यासमोर गुडघ्यावर बसून तिच्या हातमोज्यांचे पट्टे आवळत होता. मान खाली, केसांतून पाणी ओघळतंय, आणि काहीतरी हळू आवाजात सांगतोय तिला…

मेघा पळत पौर्णिमाकडे आली. "ताई, पाणी येऊन राह्यलं. काही वेगळं करू का?"

पौर्णिमानं तिच्या खांद्यावरून नयनकडे पाहिलं. तो अजून मेघाकडेच बघत होता.

"काही नाई," ती म्हणाली. "नेहमीसारखंच खेळजो."

विसाव्या मिनिटाला कॉर्नर आला. मेघानं उडी मारली, दोन्ही हातांत बॉल घेतला… आणि तो साबणाच्या वडीसारखा निसटला. गोल. दहा मिनिटांनी पुन्हा तसाच, दुसरा. निवड करणाऱ्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मेघा गोलात एकटी उभी होती, हातांकडे बघत, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत.

दोन वर्षं पौर्णिमानं हेच मागितलं होतं. आज मिळालं होतं. आणि आता ते तिला नको होतं.

मध्यंतरात ती मेघाजवळ जाऊन बसली.

"चूक तुही नाई. ओल्या बॉलले ठोसा मारायचा असते. मले माहीत होतं. सकाळीही माहीत होतं."

मेघा बघतच राहिली. "मग सांगितलं काऊन नाई?"

"जळली मी तुह्यावर."

"माह्यावर? तुम्ही?" मेघा म्हणाली. "तुम्ही बाहेर जाऊन खेळता, ताई… तुमचा फोटो मी ढाब्यात लावलाय."

 शिट्टी झाली. मेघा हातमोजे ओढत उठली. पौर्णिमा मात्र जाळीच्या मागे जाऊन पावसात उभी राहिली आणि पंचेचाळीस मिनिटं घसा फुटेस्तोवर ओरडत राहिली. "पुढे ये! मूठ! मूठ!" मेघानं मागे वळून एकदाही पाहिलं नाही. पण मुठी चालवल्या. एकही गोल खाल्ला नाही.

यादी लागली. मेघाचं नाव होतं… शेवटी, राखीव गोलकीपर म्हणून.

परतीच्या वाटेवर गाडी चहाला थांबली. पोरी आत गेल्या. पौर्णिमानं नयनला बाजूला बोलावलं आणि सगळं सांगितलं. काहीच लपवलं नाही. त्याचा चेहरा कडक होत गेला.

"एका पोरीची संधी होती ते," तो म्हणाला. "तुम्हाले तर बाकावर बसणं काय असते ते माहीत आहे."

"हो."

"मग? तिचा खेळ पाहून जळल्या?"

"खेळ पाहूनही." तिनं ओढणीचं टोक मुठीत धरलं. "अन्… तुम्ही तिच्यापुढे गुडघ्यावर बसले होते म्हणून."

नयननं चहाचा पेला खाली ठेवला. 

"अकराही पोरींच्या बुटांचे बंद, पट्टे मीच आवळतो," तो म्हणाला. "मेघाले घरून दोनदा बंद केलं होतं खेळणं. तिच्या बापाले मी शब्द दिला आहे, रोज गाडीत बसवून देईन म्हणून." तो थांबला. "मले तुमचा राग आला आहे, पौर्णिमा. खरंच आला आहे. अन् तुम्ही शेवटी जे बोलल्या, त्यानं छातीत काहीतरी… दोन्ही एकाच वेळी कसं सांभाळावं, समजून नाई राह्यलं."

"आधी रागवा," ती म्हणाली. "मी थांबते."

तो आठ दिवस रागावला. कामापुरतं बोलायचा. त्या आठ दिवसांत ती रोज सकाळी पहिल्या बसनं कारंज्याला गेली. ढाब्यामागच्या रिकाम्या जागेत मेघासाठी बॉल पाण्याच्या बादलीत बुडवून, उजव्या हातानं फेकत राहिली. मेघाही मोजकंच बोलायची. नवव्या दिवशी तिनं स्वतःहून विचारलं, "ताई, चहा घेता?" त्याच संध्याकाळी मैदानावर नयन पौर्णिमाशेजारी येऊन उभा राहिला.

"संपला," तो म्हणाला.

"काय?"

"राग. आता दुसरं तेवढं उरलं आहे."

 ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि समोर पोरींनी दोन गोल केले ते दोघांनाही दिसले नाहीत.

फेब्रुवारीच्या शेवटी बोट जुळलं. सेवाग्राम स्टेशनवर केरळकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत बाबाराव सामानाशी थांबले, आणि नयनला बघून मुद्दाम पाण्याच्या नळाकडे चालते झाले.

"मार्चात सुटी टाकतो," नयन म्हणाला. "येतो तिकडे. तुह्या सामना पाहायले."

"तुह्या? आतापर्यंत तर तुमचा होता!" ती हसली. मग हसू विझलं. "मी बाकावरच राहीन, नयन. पहिली कीपर चांगली आहे. खरंच चांगली आहे. कधी माह्या नंबर लागन, माहीत नाई. एवढ्या दूर येऊन काय पाहाशीन?"

गाडी फलाटाला लागत होती. त्यानं तिची बॅग उचलली. तिच्या नुकत्याच जुळलेल्या बोटाला धक्का लागू नये म्हणून दुसऱ्या बाजूनं आला आणि तिचा हात धरला.

"बाक पाहीन," तो म्हणाला. "नव्वद मिनिटं."