फरशीवरचा तळहात

टिक.

एवढाच आवाज झाला. नखं कापताना होतो ना, तेवढा.

बबडीला मी नुकतंच झोपवलं होतं. बबडी म्हणजे माझी मुलगी, पाच पूर्ण. नळ बंद, पंखा बंद, खालच्या मजल्यावरचं कपडे धुवायचं मशीनसुद्धा थांबलेलं. मंगळवारची दुपार, दोन वाजून दहा मिनिटं. चौथा मजला, कडी आतून लावलेली, घरात आम्ही दोघीच.

आणि पुन्हा...

टिक.

हे घडलेलं आहे. ज्यांना पटणार नाही त्यांच्याशी मी वाद घालणार नाही, कारण आधी मलाही पटलं नव्हतं. भुतं मध्यरात्री येतात, पडक्या विहिरीपाशी येतात, असंच ऐकत आले होते. आमच्याकडे भर दुपारी आलं. आणि त्याला भूत म्हणायला माझी जीभ अजून रेटत नाही.

कारण तो आवाज माझ्या ओळखीचा होता.

तो आवाज करणाऱ्या माणसाला जाऊन सात महिने झाले होते.

माझा नवरा कवळ्या बनवायचा. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे, हा त्यात दात बसवायचा. सकाळची पाळी दीडला संपायची, दुसरी साडेचारला लागायची. मधे घरी जेवण, आणि दोन ते चार हा त्याचा स्वतःचा वेळ. तेव्हा तो मागच्या छोट्या खोलीत टेबलाशी बसून लष्करी मोटरसायकली बनवायचा.

खऱ्या नाही हो. खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढ्या. अख्खी गाडी माझ्या करंगळीएवढी. प्लास्टिकच्या चौकटीला सगळे सुटे भाग लटकलेले येतात. ते बारक्या पकडीने एकेक कापून काढायचे... टिक... कानशीने घासायचे, चिमट्याने जोडायचे, रंगवायचे. ब्रेकची तार करायला तो प्लास्टिकची काडी मेणबत्तीवर धरून ओढायचा, केसाएवढी बारीक होईपर्यंत. तेवढा वेळ घरात शिंकायचीही चोरी.

"दिवसभर लोकांचे दात, दुपारी गाडीचे दात," नणंद म्हणायची. ती त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, त्याला बारक्या म्हणणारी. "आमच्या बारक्याला मोठं काही झेपतच नाही. बायकोसुद्धा बघा, पाच फुटांच्या आतली शोधली!"

त्याचं सगळ्यात आवडतं काम शेवटचं. नवीकोरी रंगवलेली गाडी जुनी करायची. खडूची पूड करून तो कुंचल्याने तिच्यावर धूळ चढवायचा. एकदा मला जवळ बसवून शिकवलं होतं त्याने.

"सगळीकडे सारखी धूळ लावली की गाडी खोटी दिसते. सैनिक जिथे बसतो, जिथे मूठ धरतो, जिथे बूट टेकवतो, तिथे धूळ नसते. माणूस दाखवायचा नाही. पण तो होता हे कळलं पाहिजे."

त्याच्या टेबलाला फडकं लावायची मला बंदी होती. "एक भाग हरवला तर सगळी गाडी गेली, बाईसाहेब."

एका गुरुवारी चार वाजता तो नेहमीसारखा उठला. जोडणीच्या कागदावर नवव्या पायरीपुढे लाल पेन्सिलीने खूण केली. बरोबरची, आणि खाली एक टिंब. प्रत्येक पायरी झाली की अशीच करायचा. झोपलेल्या बबडीच्या केसांचा वास घेतला. "येतो गं" म्हणाला.

कामावर छातीत कळ आली. छत्तीस वर्षांचा होता.

टेबल मी तसंच ठेवलं. बंदी होती ना.

तर त्या मंगळवारी मी उठले. मागच्या खोलीचं दार नुसतं ओढलेलं होतं.

ढकललं.

कुणी नव्हतं.

टेबलावर सात महिन्यांची धूळ. रंगांच्या बाटल्यांवर, भिंगावर, दिव्यावर. पांढरट, मऊ, सारखी.

मग माझी नजर खुर्चीवर गेली...

बैठकीवर धूळ नव्हती.

टेबलाच्या कडेला मनगटं टेकतात, त्या दोन जागा... स्वच्छ.

पकडीच्या मुठी... स्वच्छ.

खाली फरशीवर दोन पावलांपुरती जागा... स्वच्छ.

कागदाकडे बघायची हिंमत होत नव्हती, तरी बघितलं.

दहाव्या पायरीपुढे खूण होती. बरोबरची. खाली टिंब.

बबडी? ती झोपली होती, मी उठेपर्यंत माझा पदर मुठीत धरून. मग मीच का? झोपेत उठून करते की काय? माणूस दुःखात काय वाटेल ते करतो म्हणतात. खात्री करावी म्हणून मी ती लाल पेन्सिल उचलली आणि स्वयंपाकघरात वरच्या फळीवर ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता पुन्हा टिक... टिक...

चारनंतर आत गेले. अकराव्या पायरीपुढे पेन्सिलीची खूण नव्हती.

नखाने ओढलेली होती.

बरोबरची. आणि खाली, कागद भोसकून, एक टिंब.

मी पेन्सिल गुपचूप जागेवर ठेवली. भीती वाटली होतीच, पण त्याहून जास्त लाज वाटली. त्याची वस्तू लपवली म्हणून.

भीती किती दिवस टिकली? खरं सांगते, चार दिवस.

पाचव्या दिवशी मी केस विंचरून बसले.

आत पाऊल टाकलं की आवाज थांबायचा. म्हणून मी दाराबाहेरच बसायचे, भिंतीला पाठ लावून. आत कानस चालायची. खस्स... खस्स... मी हळू आवाजात बोलायचे. घरमालकाने जिना रंगवला तो कसा भयाण दिसतो. मी पुन्हा शिवणकाम घ्यायला लागले. काहीबाही.

"बबडीचा खालचा दात हलतोय," एकदा म्हटलं.

कानस थांबली.

"लवकरच आहे ना जरा? पण दुखत नाही तिला."

आत शांतता. ऐकत असल्यासारखी.

"पडला तर जपून ठेवीन. तू लगेच म्हणशील, आण इकडे, बसवून देतो."

खस्स... खस्स... पुन्हा सुरू झालं. मला वाटलं, हसला.

चारला खुर्ची सरकायची आणि मग काहीच नाही. पण उद्याचे दोन होतेच. सात महिन्यांनी मला जेवणाची चव लागायला लागली.

पुढच्या रविवारी नणंद आली.

"चेहऱ्यावर रंग आला गं तुझ्या! ह्याच्याआधी आले तेव्हा दार उघडलंस, मला वाटलं तुझी सावलीच उघडायला आली." तिने बबडीला कडेवर घेतलं. "आणि तू गं, ठेंगणे? आत्याला पापी द्यायला पण चिठ्ठी पाठवू का?"

मग ती मागच्या खोलीकडे वळली. मला कळलं ती कशासाठी आली होती.

"हे बघ, रागावू नकोस. पोरगी मोठी होतेय, तिला खोली लागेल. किती दिवस हे संग्रहालय..."

बोलता बोलता ती वाकली. गाडीकडे बघत राहिली.

"अगं बाई! ही तर झालीच की! कुणी केली?"

"मी," मी म्हटलं.

"तू? शिवतेस खरी, पण सुईत दोरा ओवायला माणूस लागतं तुला!"

तिने कागद हातात घेतला. चौदा पायऱ्या, तेरा खुणा. मोकळ्या चौकटीला एकच भाग लटकत होता. तांदळाच्या दाण्याएवढा.

"हे काय राहिलं?"

"किक. गाडी सुरू करायची."

ताईने कागद जागेवर ठेवला. मग नाक ओढून म्हणाली, "पुरी कर गं. बारक्याचा जीव अडकला असेल ह्यात. एवढं झालं की सुटेल तो. जाईल सुखाने."

प्रेमानेच म्हणाली ती. पण मला त्यातला एकच शब्द ऐकू आला.

जाईल.

तो गुरुवारी गेला तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. आता मात्र सगळं माझ्या हातात होतं.

ताई गेल्यावर मी ती किक नखाने चौकटीतून मोडून घेतली. शिवणाच्या डब्यात, बटणांच्या तळाशी, एका पुडीत ठेवली. वर झाकण घट्ट लावलं.

सोमवारी दोन वाजता मी दाराबाहेर बसले.

खुर्ची सरकली. चिमटा उचलल्याचा आवाज.

मग काहीच नाही...

चिमटा खाली ठेवला गेला. बाटल्या सरकल्या. कागद उलटापालटा झाला.

पुन्हा शांतता.

आणि मग...

सर्र...

फरशीवरून काहीतरी सरकलं. कोरडं, सपाट.

सर्र... सर्र...

तो आवाजही मला माहीत होता.

ही मॉडेलवाल्यांची नेहमीची रड आहे. चिमट्यातून बारीक भाग निसटतो आणि टणकन कुठेतरी उडतो. मग घरात संचारबंदी! "कुणी हलू नका!" असं ओरडून तो गुडघ्यांवर यायचा आणि उघडा तळहात फरशीवरून फिरवत राहायचा, कारण एवढं बारीक डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागतं. बबडी तिची छोटी बॅटरी घेऊन त्याच्यामागे रांगायची. एकदा हेडलाइटची काच तिसऱ्या दिवशी माझ्या अंबाड्यात सापडली होती. आम्ही तिघं किती हसलो होतो.

आता आत कुणीतरी एकटंच शोधत होतं.

पहिल्या दिवशी आवाज टेबलाखालीच राहिला. दुसऱ्या दिवशी कपाटापर्यंत आला. तिसऱ्या दिवशी दाराच्या फटीतून बाहेर आला... माझ्या पावलांशी आला... आणि पुढे गेला. मला काही दिसलं नाही. फक्त पायांना वारा लागल्यासारखं झालं, थंड.

चार वाजले.

पहिल्यांदाच तो चारला थांबला नाही.

पाच वाजले. सहा वाजले. बबडी खाली खेळून आली, मी दिवे लावले, तरी बाहेरच्या खोलीत सोफ्याखाली ते चालूच. सर्र... सर्र... जरा थांबून पुन्हा तीच जागा. सकाळी मी सोफा सरकवला. खालच्या धुळीत पट्टे उठले होते. तळहाताच्या रुंदीचे. ओळीने, एकाशेजारी एक, कोपराही न सोडता.

त्याने अकरा दिवस असं शोधलं. अजून शोधतोय.

तुम्हाला वाटेल, मी भ्यायले असेन. भ्यायलेच. पण मला रात्री झोप लागत नाही ती त्यामुळे नाही. तो कधी दार आपटत नाही. काही फेकत नाही. शिवणाच्या डब्याकडे एकदाही गेलेला नाही. मी लपवलं असेल हे त्याच्या मनातच येत नाही. आपल्याच हातून उडालं, आपणच हरवलं, असं समजून तो गुडघे टेकत घरभर फिरतोय.

परवा मी डबा उघडला. पुडी सोडली. किक तळहातावर घेऊन मागच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेले. टेबल चार पावलांवर होतं. ठेवायची आणि मागे फिरायचं, एवढंच.

"येतो गं" म्हणाला होता.

मी परत फिरले.

आज दुपारी आवाज झोपायच्या खोलीत आला. पहिल्यांदाच. मी बबडीशेजारी आडवी होते. दारातून आत... भिंतीच्या कडेने... मग पलंगाखाली. अगदी आमच्या पाठीखाली.

सर्र... सर्र...

मी बबडीच्या कानावर हात ठेवायला वळले.

ती जागी होती.

"आई, हलू नकोस," ती कुजबुजली.

"का गं?"

"बाबाचं काहीतरी उडालंय."

"तुला... दिसतोय तो?"

"नाही. हात ऐकू येतोय." ती पोटावर झाली आणि पलंगाच्या कडेवरून खाली डोकावली. तिच्या वेण्या खाली लोंबत होत्या. "रोज येतो. मी शाळेतून येते तेव्हा पण असतो."

आवाज पलंगाच्या पायाशी थांबला. मग पुन्हा सुरू झाला. आधीपेक्षा हळू.

"दमलाय तो," बबडी म्हणाली.

मी तिला जवळ ओढायला गेले. तिने माझा हात बाजूला केला, उशीखालून तिची छोटी बॅटरी काढली आणि वळून माझ्याकडे बघितलं. सरळ, त्याच्यासारखं.

"आई, तू का नाही शोधू लागत त्याला?"