मढच्या पाण्यातला ठिपका

मालन अंधेरीच्या एमआयडीसीत एका ट्रान्सपोर्ट कंपनीत नकाशासमोर बसायची. काम ऐकायला सोपं. जिथे माल पोचवायचा त्या जागेभोवती नकाशावर एक गोल आखायचा. जिओफेन्स म्हणतात त्याला, मालन कुंपण म्हणायची. टेम्पो गोलात शिरला की टिंग वाजायचं, गिऱ्हाइकाला मेसेज जायचा. टेम्पो भलतीकडे वळला की स्क्रीन लाल. प्रत्येक गाडीत डॅशबोर्डखाली एक डबी बसवलेली, तिच्यातून ड्रायव्हरशी बोलताही यायचं. पण मालन त्या भानगडीत पडायची नाही, ती सरळ मोबाइल लावायची आणि सगळ्यांना झापायची. तोंडाने फटकळ बाई.

त्या दिवशी सम्यक टेम्पोत सोफे घेऊन समुद्रकाठच्या मढला निघाला होता. शूटिंगसाठी भाड्याने देतात तसल्या एका बंगल्यावर. सम्यक मालनच्याच बिल्डिंगमधला, घाटकोपरचा. त्याची आई वसुधा मालनकडे शब्द टाकून गेली होती आणि मालनने त्याला नोकरीला लावला होता. ऑफिसात त्याच्या बऱ्यावाइटाची जबाबदारी तिचीच, असं तिनेच ठरवून टाकलेलं.

उन्हं अजून चांगली वर होती. सम्यकच्या टेम्पोचा ठिपका बंगल्याच्या गोलात शिरला. टिंग. मालनने चहाचा कप उचलला. ठिपका मात्र थांबला नाही. गोलातून सरळ पलीकडे निघाला आणि स्क्रीन लाल झाली.

बंगल्यापलीकडे रस्ताच नव्हता. थोडी वाळू, आणि मग नकाशावर सगळं निळं. ठिपका संथपणे त्या निळ्याकडे सरकत होता.

तिने फोन लावला.

"सम्यक, कुठे चाललायस रे? बंगला मागे राहिला."

"येतोय ना ताई… सांगतेस तसाच येतोय."

"मी काय सांगितलं?"

पलीकडून टेम्पोची घरघर तेवढी ऐकू येत होती. वारा नाही, कावळा नाही, माणसांचा आवाज नाही. मग सम्यक हळूच म्हणाला, "ताई… मोबाइलवर तू आहेस. मग डबीतून कोण बोलतंय?"

मालनने मोबाइल कानाला दाबून धरला. आधी काहीच कळेना. मग घरघरीच्या मागून, अगदी बारीक, एका बाईचा आवाज आला.

"ये… अजून थोडं. आत ये, बाळा."

मालनने तो ओळखला. आवाज तिचाच होता.

"सम्यक, गाडी थांबव!"

"गेट दिसतंय ना समोर… पांढरं. उघडंच आहे. मासळीचा वास येत होता बघ, तोपण गेला आता… किती गार वाटतंय ताई…"

तो झोपेत बोलावं तसा बोलत होता. ती खुर्चीवरून उठली आणि ओरडली, "अनिरुद्ध! याचं इंजिन बंद करते मी!"

अनिरुद्ध म्हणजे मॅनेजर. दुरून इंजिन बंद करायची सोय होती, पण ती चोरीच्या गाड्यांसाठी, आणि त्याच्या परवानगीशिवाय बटणाला हात लावायचा नाही असा दंडक. तो येऊन स्क्रीनवर वाकला. "अगं, समुद्राजवळ जीपीएस भरकटतं. चालत्या गाडीचं इंजिन बंद केलंस आणि कुठे धडकला तर? नोकरी जाईल तुझी. माझीपण."

ठिपका निळ्यात शिरला.

मालनने बटण दाबलं.

फोनमधली घरघर थांबली. आणि जणू कुणी मध्येच दार उघडावं तसा पाण्याचा आवाज आत घुसला. पत्र्यावर थापा मारणारं, चुबुकचुबुक करणारं पाणी.

"ताई…" सम्यकचा आवाज एकदम जागा झाला. "गेट कुठे गेलं? ताई, पाणी आहे… पायाशी पाणी आहे!"

"उतर! दार उघड आणि मागे पळ!"

"ती म्हणतेय काच वर कर… तूच म्हणतेयस… काच वर कर, बस शांत…"

डबीतला आवाज आता स्पष्ट येत होता. इतका मायेचा की मालनला क्षणभर स्वतःलाच ऐकत राहावंसं वाटलं. मग तिचं डोकं सटकलं.

"अरे गधड्या, बैला! मी कधी बाळा म्हटलंय का रे तुला? उतर खाली, नाहीतर तंगडं मोडीन! उतर!"

दार धाडकन उघडल्याचा आवाज झाला. पाण्यात काहीतरी पडलं. फोन बंद पडला.

त्यानंतरची वाट बघणं मालनला जन्मभर पुरेल. अनिरुद्ध शेजारी उभा होता, स्वतःचेच हात एकमेकांत घट्ट धरून. शेवटी एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"बाय, मी दादू कोळी. तुमचा पोऱ्या बरा हाय. पाणी चढत होता, आम्ही खेचला त्याला. घाबरू नका. चाय पितोय."

मग सम्यक आला फोनवर. दात वाजत होते, तरी हसत होता. "ताई, दोघींतली खरी कुठली तेच कळेना. शिवी दिलीस तेव्हा कळलं, ही आपली."

मालन हसली आणि हसता हसता रडायला लागली. अनिरुद्धने परवानगीचं नावसुद्धा काढलं नाही. त्याने सगळ्या ऑफिसला वडापाव मागवले, आणि कोळ्यांनी ट्रॅक्टर लावून टेम्पो बाहेर काढल्याचा फोटो आला तेव्हा टाळ्या पडल्या. सोफे भिजले होते. भिजू देत. वसुधाला मालनने स्वतः फोन केला आणि टेम्पो बंद पडला एवढंच सांगितलं. गाडीतली ती डबी काढून फेकून द्यायला ऑफिसात सांगून मालन निघाली.

रिक्षातून घाटकोपरला उतरताना तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटत होतं. तिने गरम जिलबी घेतली. जिना चढताना गुणगुणतही होती.

दार उघडंच होतं. सुबोध, तिचा नवरा, उंबऱ्याशी बसून बुटांची नाडी बांधत होता. तिला बघून तो चपापला.

"अगो, तू इथे कशी? आत्ताच तर फोन केलास ना, मढला ये म्हणून."

मालनच्या हातातली पिशवी तशीच राहिली.

"किती गोड बोललीस आज," सुबोध हसला, आणि नाडी सोडायला लागला. "पण मागे पाण्याचा आवाज केवढा गो. कुठून बोलत होतीस?"