सातव्या जागेची हळद

गणपतराव वणकुद्रे माणसाला गुळासारखं पारखीत. शाहूपुरीत गुळाची अडत चालवण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. रव्याला, म्हणजे ढेपेला, सुरी लावली की आतला कण कळतो, तसं दोन वाक्यं बोललं की माणूस कळतो, असा त्यांचा दावा होता. हा दावा आजवर अकरा वेळा खोटा ठरला होता. अकरा हा आकडा हंबीरराव सरनोबतांनी नीट लक्षात ठेवला होता, कारण अकराही वेळा ते शेजारीच बसले होते.

हंबीरराव पूर्वी संस्थानच्या पोलिसात फौजदार होते. चार वर्षांमागं संस्थान विलीन झालं आणि मुंबई सरकारनं त्यांची बदली नाशिकला केली. हंबीररावांनी राजीनामा दिला आणि शिवाजी पेठेतल्या आपल्या दारावर ‘खाजगी तपास’ अशी पाटी लावली. पहिले तीन महिने त्या पाटीखालून फक्त गणपतराव आत आले, आणि तेही चहाला.

दसरा शनिवारी झाला. सोमवारी सकाळी साडेदहाला दोघं चहा घेत होते, तेवढ्यात पन्नाशीची एक बाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

“पावणं, तुमच्यातलं हंबीरराव कोण?”

“मी. बसा की.”

“बसायला येळ न्हाई. चार वाजता आमच्या ह्यास्नी पोलिसांच्या हवाली करणार हायती.”

बाईचं नाव सुगरा. तिचा नवरा इमाम नदाफ बावीस वर्षं कॉलेजात शिपाई होता, आणि सुट्टीत पहाराही तोच करी. दोघं फाटकाजवळच्या खोलीत राहत. दसऱ्याच्या सुट्टीत प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतला नवा जर्मन मायक्रोस्कोप नाहीसा झाला होता, आणि प्रयोगशाळेच्या दाराची किल्ली एकट्या इमामकडं होती.

“किल्ली ह्यांच्याकडं, म्हणून चोर हेच,” सुगरा म्हणाली. “आवो, बावीस वर्सांत ह्यांनी खडूचा तुकडाबी घरला आणला न्हाई. लेकीनं अंगणात रांगोळीला मागितला, तर म्हणालं, कॉलेजचा हाय.”

‘कणीदार,’ गणपतरावांनी मनात शेरा मारला. ‘एक नंबर.’

हंबीररावांनी बशी खाली ठेवून टोपी आणि पिशवी घेतली.

प्राचार्य माईणकर बुटके, टापटिपीचे आणि सुरक्षिततेचे भारी भोक्ते होते. जूनपासून त्यांनी आवाराला तारेचं कुंपण घातलं होतं, फाटकावर येण्याजाण्याची वेळ लिहायला वही ठेवली होती आणि फळ्यावर ‘दक्षतेचे चौदा नियम’ लावले होते.

“नियम सहा,” ते अभिमानानं म्हणाले. “बाहेर जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याची आणि शिपायाची पिशवी फाटकावर तपासली जाते.”

“आणि प्राध्यापकांची?”

“छे हो! सद्गृहस्थांच्या पिशव्या कशा तपासायच्या?”

“बरोबर,” हंबीरराव म्हणाले. गणपतरावांनाही ते बरोबरच वाटलं.

“प्रकरण सरळ आहे,” प्राचार्य पुढं म्हणाले. “बाहेरच्या दाराचं कुलूप शाबूत आहे, म्हणजे चोराकडं त्याची किल्ली होती. कपाटाची कडी मोडलेली आहे, म्हणजे कपाटाची किल्ली त्याच्याकडं नव्हती. कपाटाची किल्ली आमच्या डेमॉन्स्ट्रेटर मिरजकरांकडं असते. मग उरलं कोण? इमाम. वाईट वाटतं, पण चारपर्यंतच थांबतो.”

गणपतरावांना हा हिशेब पटला. एका दमात सुटलेलं गणित त्यांना नेहमीच पटे.

प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर होती. दूरच्या कोपऱ्यात, लाकडी पडद्याच्या आड, दोन दारांचं शिसवी कपाट होतं. कडी वाकून लोंबत होती आणि खाली स्टँडची लोखंडी दांडी पडली होती. खंडेनवमीची पूजा कपाटातच झालेली दिसत होती. खालच्या फळीवर सहा मायक्रोस्कोप ओळीनं उभे होते. प्रत्येकावर कुंकवाचं बोट, पायाशी हळद, अक्षता आणि झेंडूचं सुकलेलं फूल. उजव्या दारामागं सातवी जागा रिकामी होती. तिथंही फूल होतं, अक्षता होत्या, आणि हळद तर मूठभर सांडलेली होती.

गणपतरावांना गलबलून आलं. न आलेल्या पाहुण्याचं पान वाढून ठेवावं, तसं ते दिसत होतं.

हंबीरराव उकिडवे बसून बराच वेळ त्या फळीकडं बघत राहिले. मग उजवं दार त्यांनी उघडझाप करून पाहिलं. ते करकरलं, पण सहज फिरलं.

चौकशीला सगळ्यांत आधी विद्यार्थ्यांचे प्रयोग करून घेणारे डेमॉन्स्ट्रेटर वसंत मिरजकर आले. तिशीचे, गोरेपान, कपाळाला गंध, आवाज मऊ. गणपतरावांनी पाहताक्षणी त्यांना एक नंबरात टाकलं.

“पूजा दर वर्षी मीच करतो,” मिरजकर म्हणाले. “शुक्रवारी सातही यंत्रांना माझ्या हातानं हळदकुंकू वाहिलं. पुजलेलं हत्यार दसरा होईपर्यंत हलवायचं नाही, म्हणून लगेच कुलूप लावलं. दुपारच्या गाडीनं बिद्रीला सासुरवाडीला गेलो, तो काल रात्री उशिरा परतलो. सगळं बिद्री साक्षीला आहे.”

“आणि आज सकाळी?”

“सव्वासातला वर आलो, बघतो तर कडी मोडलेली! मी लगेच ओरडलो.”

“पूजेला कपाटाची दोन्ही दारं उघडली होती?”

“एकच. उजवं जरा अडतं.”

त्यानंतर आकाराम चौगुले आला. वसतिगृहात राहून फुटबॉल खेळणारा, दाराला खांदा घासत आत शिरणारा विद्यार्थी. दसऱ्याच्या संध्याकाळी तो प्रयोगशाळेच्या जिन्याशी दिसला होता.

“व्हय, गेलतो की,” तो म्हणाला. “चेंडू गेलता वर. मला ती दुर्बीण घेऊन काय करायचंय? बेडकाचं पाय मला नुसत्या डोळ्यांनीच बघवत न्हाईत.”

“खंडेनवमीच्या पूजेला होतास?”

“व्हतो. पेढं व्हतं न्हवं.”

“पूजेत काय काय दिसलं?”

“मिरजकर सरांची पाठ,” आकाराम म्हणाला. “आम्ही वीस जण मागं उभं, सर म्होरं पाटावर. आरती झाली, कपाट बंद, पेढं सुरू. प्रिन्सिपॉलसायबांनीबी पाठच बघितली, इचारा.”

प्राचार्य खोकले.

शेवटी इमाम आला. उंच, वाकलेला, टोपी हातात. गणपतरावांना तो फार गप्प वाटला. गप्प माणसाला ते नेहमी एक नंबर खाली उतरवीत.

“फुलं मीच आणलीवती, सायेब. दर वर्साला आणतो. मोजून सात.”

“एखादं उरलं?”

“न्हाई. उरलं की मी सुगराला देतो. औंदा उरलं न्हाई.”

“दसऱ्याला पहारा सोडलास?”

“तासभर चौकात गेलतो, सोनं लुटायला. सगळं गाव जातंय. पर दाराला कुलूप व्हतं, किल्ली कमरंला.”

“आज सकाळी?”

“सातला दार उघडलं आन् तसाच घंटा द्यायला खाली गेलतो. पडद्याआड कपाटाकडं गेलोच न्हाई. मागनं मिरजकर सर वर गेलं. बस.”

हंबीररावांनी घड्याळ काढलं. अडीच वाजले होते.

“साहेब,” ते प्राचार्यांना म्हणाले, “सगळ्यांना कपाटापाशी बोलवा. इमामच्या घरच्यांनाही.”

सगळे जमले. सुगरा पडद्याला टेकून उभी राहिली. हंबीररावांनी पाट मागवला आणि स्वतःच त्यावर बसले.

“इमाम, हा पहिला मायक्रोस्कोप उचल. सावकाश.”

इमामनं उचलला. खाली फळीवर घोड्याच्या नालाएवढी स्वच्छ जागा उमटली होती, आणि तिच्या कडेनं हळद.

“दुसरा.”

दुसऱ्याखालीही तसाच कोरा नाल.

“पुरे. यंत्राचा पाय नालाच्या आकाराचा असतो. यंत्र उभं असताना हळद वाहिली, की पायाखाली पडत नाही. आता सातवी जागा बघा.”

सगळे वाकले. सातव्या जागेवर कोरा नाल नव्हता. हळद, कुंकू, अक्षता सगळीकडं सारख्या पसरल्या होत्या, आणि फूल बरोबर मधोमध होतं.

“चोरानं उचलताना विस्कटलं असेल,” प्राचार्य म्हणाले.

“विस्कटलं असतं तर फूल मधोमध बसलं नसतं, साहेब. आणि अक्षतांवर कुंकवाचं बोटही टेकवलेलं आहे. ते यंत्राच्या कपाळावर जायचं, इथं फळीवर आहे. पूजेच्या वेळी ही जागा रिकामीच होती. म्हणजे यंत्र गेलं ते पूजेच्या आधी. दसऱ्याचा तासभर, आकारामचा चेंडू, इमामची किल्ली, सगळं एका दमात पुसलं गेलं.”

गणपतरावांच्या तोंडून “अरे!” निघालं.

“पूजेच्या आधी कपाटाची किल्ली एकाकडंच होती. पाटावर एकच जण बसला. सातही यंत्रांना स्वतः वाहिलं, असं तोच म्हणतो. उजवं दार अडत नाही, मी फिरवून बघितलं. ते मिटलेलं हवं होतं, इतकंच. आणि नियम सहा सद्गृहस्थाची पिशवी बघत नाही.”

“पण मिरजकर तर बिद्रीला होते!” प्राचार्य म्हणाले. “कडी कोणी मोडली?”

“दार सातला इमामनंच उघडून दिलं. इमाम घंटेपाशी, आणि वर हे एकटे. दोन मिनिटं आणि एक लोखंडी दांडी. मला एक सांगा, रिकाम्या जागेसाठी कडी कोण मोडील? ज्याला ती जागा रिकामी आहे हे जगाला दाखवायचं आहे, तोच.”

खाली मैदानात कुणीतरी चेंडूला लाथ मारल्याचा आवाज आला.

“मला एकच कोडं उरलंय, मिरजकर,” हंबीरराव आवाज उतरवून म्हणाले. “फूल उरू नये म्हणून सातवं फूल ठेवलंत, ते समजलं. पण हळद सगळ्यांत जास्त इथंच का?”

मिरजकरांनी कपाळावरून हात फिरवला. गंध पुसलं गेलं होतं.

“प्रबंधाची चित्रं काढायला घरी नेला होता,” ते म्हणाले. “रंकाळ्याच्या उतारावर सायकलवरून पडला. भिंग फुटलं, नळी वाकली. घरी कांबळ्यात गुंडाळून ठेवलाय. सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. पूजेला बसलो, आणि त्या रिकाम्या जागेसमोर हातच थांबेना. त्याची क्षमा मागत होतो मी.”

“त्याची मागितली,” सुगरा पडद्यापासून म्हणाली. “आणि आमची?”

मिरजकर इमामकडं वळले. “मामू…” इमामनं नजर खिडकीबाहेरच ठेवली.

प्राचार्यांनी मिरजकरांना आपल्या खोलीत जाऊन बसायला सांगितलं. मग खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून इमामपुढं धरला. तो त्यांनी सकाळीच काढून घेतला होता.

इमामनं घेतला नाही.

“घेतो, सायेब. पर आधी हितं बसा आन् माझ्यासंगट मोजा. बावीस वर्सं किल्ली माझ्याकडं हाय. आत काय हाय, ते माझ्यासंगट कुणी कधी मोजलंच न्हाई.”

हंबीरराव पाटावरून उठले, आणि चौदा नियमांचे कर्ते वही घेऊन तिथं बसले. एक, दोन, तीन करत सहावर आले आणि थबकले. इमामनं वाकून सातव्या जागेवरचं सुकलेलं फूल उचललं आणि सुगराच्या हातात दिलं.

“सातवं बी लिवा,” तो म्हणाला. “चोरीला गेलं असं नगं. मोडलं, असं लिवा.”

प्राचार्यांनी तसंच लिहिलं.

जिना उतरून फाटकाशी आल्यावर गणपतराव म्हणाले, “फार पिवळाधमक गूळ दिसला की आधी सुरी लावावी, असं आमचे वडील सांगायचे.”

“मग?”

“गंध बघितलं आन् सुरी ऱ्हायली.”

“बारा,” हंबीरराव म्हणाले, आणि फाटकावरच्या वहीत वेळ लिहून त्यांनी आपली पिशवी, कुणी मागितली नसताना, तिथल्या शिपायाला उघडून दाखवली.