चौथ्या मुलीचा चेहरा

बुओना व्हिस्टाला आमची लॅब आहे. तिथे मी जुन्या लाकडाचे आणि रंगांचे फोटो काढतो, साध्या उजेडात, इन्फ्रारेडमध्ये, एक्स-रेवर. चित्रकलेतलं मला ओ की ठो कळत नाही. ती बाजू अश्लेषाची. ती मूळची कोथरूडची, इथे पोस्टडॉक करते, आणि पाचशे वर्षांपूर्वीच्या, युरोपातल्या फ्लँडर्समधल्या चित्रकारांबद्दल अशी बोलते की वाटावं, ते शेजारच्या ब्लॉकमध्येच राहतात.

मार्चमध्ये एका संग्राहकाने आमच्याकडे ओकच्या रंगवलेल्या फळ्या पाठवल्या. चर्चमध्ये वेदीमागे उभं करायचं, दोन बाजूंना दारं असलेलं मोठं धार्मिक चित्र. कधीकाळी कुणीतरी ते करवतीने कापून तुकड्यातुकड्यांनी विकलं होतं. हे तुकडे एकाच चित्राचे का, ते कसे लागतात आणि काढले कुणी, एवढं आम्ही सांगायचं. मला असली कामं आवडतात. किड्याने पोखरलेलं भोक एका फळीतून निघून कापापलीकडच्या फळीत शिरलं, की त्या फळ्या शेजारच्या. किडा खोटं बोलत नाही.

उजव्या दाराच्या तळाशी चित्र करवून घेणाऱ्या घरातली आई गुडघे टेकून बसली होती आणि तिच्या मागे ओळीने चार मुली. तिघींच्या डोक्यावर नखाएवढा लाल क्रॉस. घरातलं माणूस गेलं की चित्रकाराला परत बोलावून असा क्रॉस काढून घ्यायची पद्धत होती, असं अश्लेषाने सांगितलं. आपण फोटोला हार घालतो तसंच. चौथीला डोकंच नव्हतं. तो तुकडा हरवला होता. उरले होते जोडलेले हात आणि करडा झगा.

संग्राहकाला सगळं चित्र स्क्रीनवर अखंड बघायचं होतं. माझ्या फोनमध्ये श्रियाचा, माझ्या सात वर्षांच्या मुलीचा, आरतीच्या वेळचा फोटो होता. हात जोडलेले, मान तशीच किंचित वळलेली. मी तो रिकाम्या जागी बसवला. रंग मिळावेत म्हणून शेजारच्या मुलीच्या डोक्याभोवतीचा भाग कॉपी करून श्रियाच्या फोटोवर चढवला, आणि त्याबरोबर क्रॉसही आला. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

अश्लेषाच्या आलं. तिचा चेहरा उतरला.

"सारंग, आधी तो क्रॉस पुस," ती म्हणाली. "जिवंत माणसाच्या फोटोला कुणी हार घालतं का?"

पीएचडी झालेली बाई असं बोलते म्हणून मी तिची यथेच्छ थट्टा केली. क्रॉस मात्र लगेच पुसला. बाप आहे मी.

जूनमध्ये हरवलेला तुकडा युरोपातल्या एका लिलावात सापडला आणि संग्राहकाने तो विकत घेऊन आमच्याकडे पाठवला. वरचं वार्निश काळंकुट्ट झालं होतं, काही म्हणता काही दिसत नव्हतं. ते उतरवायला अश्लेषाला आठवडा लागला. शनिवारी सकाळी तिने मला लॅबमध्ये बोलावून घेतलं, फोनवर कारण सांगेना.

टेबलावर श्रिया होती.

श्रियासारखी दिसणारी मुलगी नव्हे, श्रियाच. बाहेर आलेला उजवा कान तिचा. डाव्या भुवईतली खूणसुद्धा तिची, बिशानला, आम्ही राहतो त्या ब्लॉकखालच्या घसरगुंडीवरून पडल्याची. मी टेबलाची कड धरून उभा राहिलो.

पहिला विचार आला नकलेचा. कुणीतरी माझं स्क्रीनवरचं चित्र बघून हे रंगवलं असेल. खरं सांगतो, तसंच निघावं अशी मला आशा होती. पण भोकं जुळली. लाकडाची वलयं जुळली. अश्लेषाने कापसाचा बोळा सॉल्व्हंटमध्ये बुडवून गालावर फिरवला. रंग ताजा असता तर उतरला असता. बोळा पांढराच राहिला. शेकडो वर्षं वाळून तो रंग दगड झाला होता.

मग तिने डोक्यावरच्या जागेवर मायक्रोस्कोप आणला.

"इथे क्रॉस होता," ती म्हणाली. "कुणीतरी खरवडून काढलाय. तेही जुनंच काम आहे."

तो मी पुसला होता. मार्चमध्ये, माऊसने.

"काढलाय ना पण?" अश्लेषा म्हणाली. "म्हणजे तिला काही होणार नाही. तू घरी जा."

MRT च्या ट्रेनमध्ये बसल्या बसल्या मी शुभदाला, माझ्या बायकोला, फोन लावला. श्रिया ठणठणीत आहे, सकाळपासून हॉलमध्ये एकटीच खेळतेय, जरासुद्धा त्रास दिला नाही, ती म्हणाली. मी चारचौघांत रडलो. सुटलो, असं वाटलं.

घरी पोचलो तेव्हा भरदुपार होती. खालून हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या स्टॉलांचा गलका येत होता. हॉलमध्ये लख्ख ऊन.

श्रिया फरशीवर गुडघे टेकून बसली होती. हात जोडलेले. मान किंचित वळलेली.

"ऊठ, बाळा."

ती हलली नाही. फक्त ओठ हलले. शाळेतलं तिचं इंग्रजी.

"कॅनॉट लाह, बाबा. डोन्ट टच. स्टिल नॉट ड्राय."

मी वाकून तिच्या गालाला हात लावला.

तिचा गव्हाळ रंग माझ्या बोटांना आला. गालावर तो निघाला होता तिथे, खाली लाकडाच्या बारीक रेषा होत्या.